असा कोणी इथे राहत नाही

गेल्या महिन्यात बाबल घाडी गोराईला वारला. ज्या खानावळीत तो स्वयंपाक करायचा, तिथल्याच माणसांनी त्याचं सगळं केलं. दहाव्याला आम्ही जुन्या चाळीतले सहासातजण बोरिवलीच्या जेट्टीवरून बोटीने पलीकडे गेलो. विधी आटोपल्यावर खानावळीच्या मालकीण मार्थाबाई मला म्हणाल्या, "अण्णा तुम्हीच ना? समोरच्या खोलीतले? दोन शब्द बोला की त्यांच्याबद्दल."

मी उभा राहिलो. "मी याला ओळखत होतो," एवढंच म्हणालो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचा गळा दाटून आला. तसं काही नव्हतं. त्या वाक्याच्या पुढे जायची माझी हिंमत झाली नाही.

निघताना मार्थाबाईंनी एक निळा पासपोर्ट माझ्या हातात दिला. "शर्टाच्या खिशात असायचा. चुलीपुढे पण. तेल उडून खराब होईल म्हटलं तरी काढायचे नाहीत. आत एकसुद्धा शिक्का नाही बघा. कुठे जायचं होतं हो त्यांना?"

"कुठेच नाही," मी म्हणालो.

परतीच्या बोटीत ठरवलं, की तिथे बोललो नाही ते लिहून काढायचं. माझं वय अडुसष्ट आहे. ज्यांच्यापासून लपवलं ती दोन्ही माणसं आता नाहीत. खरं तर त्या दोघांपासून काही लपलंच नव्हतं, पण ते पुढे येईल.

बाबलचं कागदावरचं नाव मनोहर सोनू घाडी. दहिसरला नदीच्या अलीकडे आमची दुमजली चाळ होती. आता तिथे टॉवर उभा राहतोय. चाळीत घाड्यांची खोली आमच्या खोलीसमोर, मध्ये चार फुटांची गॅलरी. बाबल माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान, पण चाळीतल्या सगळ्यांसारखा तोही मला अण्णा म्हणायचा आणि अरेतुरे करायचा. अंगाने आडवा, मान जवळजवळ नाहीच, आणि हात मात्र बाईमाणसासारखे नाजूक. त्या हातांनी तो कांदा चिरायला लागला की गॅलरीत बायका बघत उभ्या राहायच्या. तो मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता. जहाजावर पंचवीस माणसांचं रांधायची सवय, त्यामुळे सुट्टीवर आला की त्याला एका घरापुरतं करताच यायचं नाही. कोलंबीचं कालवण केलं की मजला जेवायचा. "कमी करायला गेलो की मीठ चुकतं," असं त्याचं म्हणणं.

पुढे ती जहाज कंपनी बुडाली. युरोपातल्या एका बंदरात जहाज अडकलं, पगार थांबले, पासपोर्ट कप्तानाकडे राहिले. बाबल एका सकाळी भाजी आणायला म्हणून उतरला तो परत चढलाच नाही. तिथल्या आपल्या लोकांच्या हॉटेलांत, तळघरातल्या स्वयंपाकघरांत त्याने नऊ वर्षं काढली. तिथून त्याचे पैसे यायचे. त्यांवर दहिसरची ही खोली चालायची, गावी विधवा बहिणीचं घर भिंतींपर्यंत आलं होतं, भाच्याची फी जायची.

इकडे त्याची आई, घाडीकाकू, एकटी होती. मोबाइल कापडी पिशवीत घालून तो गळ्यात अडकवून फिरायची. बाबल जहाज सोडून पळाल्यानंतर कंपनीची माणसं दोनदा चौकशीला आली, तेव्हा ती घाबरली. मी चाळ समितीचा सेक्रेटरी. मला म्हणाली, "अण्णा, कोणय इचारूक इलो तर सांग, असो कोण हय रवणा नाय. ता पाटीवरचा नाव पण काढून टाक."

मी जिन्याखालच्या पाटीवरून बाबलचं नाव काळ्या रंगाने पुसलं. तिच्या मेलेल्या नवऱ्याचं तेवढं ठेवलं.

यात आम्हाला काही वावगं वाटलं नाही. आमच्या चाळीत ही रीतच होती. बँकेची वसुलीवाली माणसं येवोत, पोलीस येवोत, कोर्टाचा बेलिफ येवो, पहिल्या खोलीपासून शेवटच्या खोलीपर्यंत एकच उत्तर: असा कोणी इथे राहत नाही. गिरणी संपापासून चालत आलेलं. आम्ही एकमेकांसाठी इतर काही करू शकत नव्हतो, तेवढं करायचो.

माझ्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं तेव्हाची गोष्ट. मी महापालिकेच्या पाणी खात्यात कारकून होतो. एका रविवारी दुपारी हवालदार आला. काकू तेव्हा भाचीच्या नातीच्या बारशाला ठाण्याला गेली होती. हवालदाराने एक फोटो दाखवला. सुजलेला चेहरा, दाढी वाढलेली. मी पहिल्या नजरेत ओळखला.

"हा मनोहर सोनू घाडी. ओळखता?"

"काय केलंय त्याने?"

"ते आम्हाला कुठे सांगतात? वरून आलंय. परदेशातलं काहीतरी. आम्हाला हो की नाही एवढंच लिहून पाहिजे."

मला वाटलं, तिकडचं सरकार बाबलला शोधतंय. पत्ता पक्का झाला की पकडणार. मी चष्मा लावला, फोटो लांब धरला, जवळ धरला. मग त्याच्या कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून दिलं: सदर इसम या पत्त्यावर राहत नाही, व मी त्यास ओळखत नाही. खाली सही केली. वर चाळ समितीचा गोल शिक्का मारला. शिक्का मारायची गरज नव्हती. हवालदाराने मागितलाही नव्हता.

संध्याकाळी काकू आली तेव्हा मी तिला सगळं रंगवून सांगितलं. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "देव तुझा बरा करो रे." दुसऱ्या दिवशी सकाळी गरम घावण्यांची ताटली आमच्याकडे आली, सोबत नारळाचा रस. मी सहा घावणे खाल्ले.

आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं, की बाबल आधीच पकडला गेला होता. तो एका कोठडीवजा इमारतीत होता. त्याला स्वतःलाच परत यायचं होतं. त्याने पहिल्याच आठवड्यात तसं लिहून दिलं होतं. तिकडच्या सरकारची एक योजना होती, आपणहून मायदेशी जाणाऱ्याला धंद्याला मदत द्यायची. बाबलने लिहिलं होतं, गावी खानावळ काढायची आहे, भट्टी आणि भांडी द्या. पण पासपोर्ट नसलेल्या माणसाला विमानात बसवायचं तर त्याच्या देशाने म्हणायला हवं, की हा आमचा. आपल्या सरकारने तसं म्हणायचं तर पोलिसांनी म्हणायला हवं. पोलिसांनी म्हणायचं तर कोणीतरी म्हणायला हवं. ते कोणीतरी म्हणजे मी होतो.

तीन महिन्यांनी काकूच्या फोनवर बाबलचा फोन आला. तिला कमी ऐकू यायचं, म्हणून फोन मी घेतला. ती समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"अण्णा, तू आहेस ना? ऐक. माझ्याबद्दल विचारायला कोणी पोलीस आला होता का? इथे कागद आलाय, की मला तिथे कोणी ओळखत नाही. कोणी लिहून दिलं रे असं?"

मी म्हणालो, "नाही रे. इथे कोणीच आलं नव्हतं. चुकीच्या चाळीत गेला असेल."

मग तो म्हणाला, "बरं. असेल."

"काय म्हणता तो?" काकूने विचारलं. "जेवता मां?"

"बरा आहे म्हणतो."

पहिली चूक अडाणीपणाची होती, ती मी स्वतःला केव्हाच माफ केली. दुसरीचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. मी दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात जाऊन जबाब बदलू शकत होतो. गेलो नाही. खोटं लिहून दिल्याबद्दल माझ्यावरच काही झालं तर? पेन्शनचे कागद सुरू होते. आणि खरं कारण याहून लहान होतं. माझा मुलगा नीलेश शिकायला त्याच देशात जाणार होता. अंधेरीला व्हिसाच्या केंद्रात त्याचे कागद जमा झाले होते, त्याला पोलिसांचा दाखला हवा होता. त्याच पोलीस ठाण्यात, त्याच देशाच्या बाबतीत बाप खोटं बोलला असं पुढे यायला नको. मी स्वतःला म्हटलं, एकदा पोराचा व्हिसा येऊ दे, मग जाऊ.

व्हिसा आला नाही. महिना गेला, दोन गेले. नीलेश चिडायचा. मग टीव्हीवर बातम्या यायला लागल्या, की तो देश आपल्यावर रुसलाय. तुमची बेकायदा राहणारी माणसं तुम्ही परत घेत नाही, तर तुमच्या विद्यार्थ्यांचे व्हिसा आम्ही रोखून धरू. आपले मंत्री म्हणत होते, ती माणसं आमची आहेत हे आधी सिद्ध करा. मी जेवता जेवता ते बघत होतो. माझ्यासारख्या किती चाळींतून किती शिक्के गेले असतील कोणास ठाऊक. पण त्यातला एक माझा होता, आणि माझ्याच पोराचे कागद त्याच्याखाली दबले होते. हे मी कोणाला सांगणार? बायकोलाही सांगितलं नाही.

अखेर पोलिसांकडे काकूच गेली. मी कामावर असताना बाबलचा पुन्हा फोन आला, खालच्या मजल्यावरच्या मुलीने तो स्पीकरवर लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू नऊवारी नेसून, बाबलचा शाळा सोडल्याचा दाखला आणि स्वतःचं रेशनकार्ड घेऊन रिक्षाने पोलीस ठाण्यात गेली. तिथे टेबलावर दाखला आपटून म्हणाली, "तो माझो झील. माझ्या पोटचो. आता लिवा." ती मुलगी सोबत होती, तिने हे सांगितलं. प्रत्येक कामाला मला हाक मारणाऱ्या काकूने त्या दिवशी मला बोलावलं नाही. आल्यावरही काही बोलली नाही. घावणे करायची, पण आमच्याकडची ताटली बंद झाली.

एकदा 'नाही' म्हणून गेलेला कागद 'हो' व्हायला फार वेळ लागतो. पैसे थांबले होते. गावच्या घराच्या भिंती छपराशिवाय तशाच उभ्या राहिल्या. काकू रक्तदाबाची गोळी अर्धी करून घ्यायची. बाबल आला तो पकडला गेल्यापासून चौदाव्या महिन्यात, आणि काकू त्याच्या चार महिने आधी गेली. अग्नी पुतण्याने दिला. भट्टी-भांड्यांची मुदतही उलटून गेली होती. आपणहून येणारा बाबल सक्तीने पाठवलेला ठरला होता.

तो आला तेव्हा भर दुपार होती. हातात एक प्लास्टिकची पिशवी. जिन्याखाली थांबून त्याने पाटी बघितली, काळ्या रंगाने पुसलेली जागा बोटाने चाचपली आणि वर आला. मला म्हणाला, "अण्णा, किल्ली तुझ्याकडे असेल."

त्यानंतर सहा वर्षं तो समोर राहिला. तो बाबल मी जसा पाहिला तसा सांगतो.

तो दार लावायचा नाही. पावसाची झड आत यायची, मांजर दूध पिऊन जायची, तरी दार सताड उघडं. अंघोळीला गेला तरी मोरीचं दार अर्धं. बायकांनी तक्रार केली तेव्हा त्याने खोलीच्या दाराला जाड पडदा लावला, पण कडी लावली नाही. चौदा महिने दुसऱ्यानेच दार लावलेलं ऐकलंय, म्हणाला, आता तो आवाज नको.

सकाळी साडेसहाला तो गॅलरीत येऊन "हजर!" म्हणायचा. तिकडे हजेरी व्हायची त्याची सवय. सुरुवातीला लोक हसले. मग समोरच्या बिल्डिंगमधले रिटायर्ड मास्तर खिडकीतून "नोंद घेतली!" म्हणून ओरडायला लागले आणि तो रोजचा खेळ झाला. दुपारचं जेवण बाराला, रात्रीचं साडेपाचला. साडेपाचला कोणाशी काहीही बोलत असला तरी वाक्य अर्धं टाकून उठायचा, ताट घ्यायचा.

त्याच्याकडे झिपवाली एक प्लास्टिकची पिशवी होती. तिच्यात आधार, रेशनकार्ड, शाळेचा दाखला, आईचा मृत्यूचा दाखला. ती घेतल्याशिवाय तो संडासलासुद्धा जायचा नाही. एकदा मतदारयादीवाली बाई आली. बाबलने तिला बसवलं, चहा दिला आणि एकेक कागद तिच्यापुढे मांडत गेला. ती म्हणाली, "काका, एकच पुरे हो." हा म्हणाला, "एक पुरत नाही, बाई. मला विचारा." पाऊण तास त्याने तिला सोडलं नाही. कोणीही काहीही सांगितलं की त्याचा प्रश्न ठरलेला: "कागद काय म्हणतो?" नळाला पाणी येणार का, अमक्याच्या मुलीचं जमलं का, सगळ्याला तेच.

पण तो रडका माणूस नव्हता. गणपतीत त्याने गॅलरीत एक नाटकच केलं होतं. एका स्टुलावर कढई, दुसऱ्यावर पातेलं, मध्ये उभी धरलेली पळी. "ही कढई म्हणजे तिकडचा साहेब. हे पातेलं म्हणजे आपल्या वकिलातीचा. आणि पळी म्हणजे मी. कढई म्हणते, हा तुमचा. पातेलं म्हणतं, कशावरून? कढई म्हणते, मग तुमच्या पोरांना व्हिसा नाही. पातेलं म्हणतं, मग तुमचं विमान उतरू देणार नाही. असं तासभर भांडतात, मग दोघं कॉफी पितात. पळीला विचारतात, तू घेणार का? पळी म्हणते, साहेब, मी घरी जाऊ का?" बायका डोळे पुसेपर्यंत हसल्या. मी सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसलो. बाबल माझ्याकडे बघून पळी ताटात ठेवत म्हणाला, "अण्णाला आवडलेलं दिसतंय."

एक संध्याकाळ मी विसरू शकत नाही. दोन्ही देशांमध्ये समझोता झाला होता त्याची जुनी दृश्यं टीव्हीवर पुन्हा दाखवत होते. मंत्री हात मिळवत होते, फ्लॅश उडत होते. त्या समझोत्यानंतर अडकलेले व्हिसा सुटले होते, नीलेशचाही. ज्या हिवाळ्यात बाबल आला, त्याच हिवाळ्यात नीलेश गेला. बाबलनेच त्याला मोजे कुठले घ्यायचे ते सांगितलं होतं आणि दारात दहीसाखर दिली होती. तो आमच्या उंबऱ्यात उभा राहून टीव्ही बघत होता.

"ते हात दिसतात ना, अण्णा? त्या हातांच्या मध्ये मी आहे. एवढी माणसं परत घ्या, एवढ्या पोरांना आत घेतो, असं आहे ते. म्हणजे मी कोणाच्या तरी पोराच्या बदल्यात आलो."

माझी बायको म्हणाली, "काहीतरीच भावोजी. कोणाच्या हो?"

"ते कागदावर नसतं, वहिनी." एवढं म्हणून तो साडेपाचच्या ताटाला गेला.

नीलेश अजून तिकडेच आहे. चांगली नोकरी आहे. दर महिन्याला पैसे पाठवतो, माझं आताचं बोरिवलीचं भाडं त्यातूनच जातं. ज्या देशातून बाबलला काढलं, त्या देशाच्या पैशांवर मी जगतो. मला वाटतं हेही लिहून ठेवलेलं बरं.

चाळ पाडायची ठरली. सगळ्यांनी खोल्या शोधल्या, बाबलने गोराईची खानावळ पकडली. निघायच्या महिनाभर आधी त्याने पासपोर्टचा अर्ज केला. मी विचारलं, "आता कुठे जायचंय तुला?"

"कुठेच नाही. पण पुन्हा कोणी विचारलं तर मला दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायला लागू नये."

चौकशीला हवालदार आला. वेगळा होता, तरुण. शेजाऱ्याची ओळख हवी होती, आणि अर्जात बाबलने माझं नाव दिलं होतं. मला आधी काहीच सांगितलं नव्हतं. मी बाहेर आलो तेव्हा बाबल आपल्या उघड्या दारात हाताची घडी घालून उभा होता.

"काका, यांना ओळखता?"

"ओळखतो."

"किती वर्षं?"

"जन्मापासून."

त्याने कागद पुढे केला. मी लिहिलं, सही केली. कागद परत दिला. हवालदार जिना उतरून गेला.

बाबल म्हणाला, "शिक्का नाही मारलास?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो रागावलेला नव्हता. स्वयंपाकात मीठ बघतात तसं माझं तोंड बघत होता.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"मी फोन केला ना, तेव्हापासून. कागद माझ्या हातात होता, अण्णा. तुझं अक्षर, तुझी सही, वर तो शिक्का. दुभाष्याची गरजच पडली नाही. म्हणून तर तुला विचारलं."

"आणि काकूंना?"

"आयेला मीच सांगितलं दुसऱ्या फोनवर. पण म्हटलं, त्याला काही बोलू नको."

"का?" मी जवळजवळ ओरडलो. "सहा वर्षं समोर राहिलास. शिव्या का नाही दिल्यास मला?"

"आणि तू तोंड लपवून खोली विकून गेला असतास म्हणजे?" तो म्हणाला. "आये गेली. ताई गावी. इथे मला लहानपणापासून बघितलेला माणूस एकच उरला होता. तो घालवून मी काय करू?"

मी काहीतरी बोलायला गेलो. माफी हा शब्द तोंडात होता, त्या फोनपासून होता. पण खालून कोणाच्या तरी घड्याळात साडेपाचचा ठोका पडला. बाबल नेहमीसारखा वळला आणि पडदा बाजूला करून आत गेला. ताटाचा आवाज आला, भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढल्याचा आवाज आला. मी गॅलरीतच उभा होतो. म्हटलं, जेवून बाहेर येईल, तेव्हा बोलू.

मग पडद्यामागून त्याचा हात आला, नाजूक, कांदा चिरणारा. त्याने दार ओढून घेतलं. आणि सहा वर्षांत पहिल्यांदा, आतून कडी लागली.